चार टायर, तीन कोटेशनं

३ मार्च, सोमवार

आज सकाळी गाडीचे टायर बघितले. बघितले म्हणजे नीट, गुडघे टेकून, टॉर्च घेऊन. पुढच्या डाव्या टायरच्या खाचेत नाणं उभं धरलं तर ते जेमतेम आत गेलं. मागचे दोन्ही मधोमध गुळगुळीत. तुमच्या टाळूसारखे, असं बायको म्हणाली. ती दारात खुर्ची टाकून बसली होती आणि माझी तपासणी बघत होती.

तिला ताईंकडे जायचंय. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आई लवकर गेली, तेव्हा हिला त्यांनीच वाढवलं. गुडघ्यांपायी ताई गेली चार वर्षं घराबाहेर पडलेल्या नाहीत, म्हणजे जायचं तर आपणच. दोनशे चाळीस किलोमीटर. "अहो, या आठवड्यात जाऊन येऊ या का?" असं आज तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, या टायरांवर तुला हॉस्पिटलला नेतो तेच जीव मुठीत धरून नेतो, आता आधी टायर, मग ताई. मग म्हणते, टॅक्सी करू. दारात स्वतःची गाडी उभी असताना टॅक्सी. चौतीस वर्षं कारखान्याच्या खरेदी विभागात काढली ती काय असली उधळपट्टी करायला?

तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय मी तिथे कधी खिळ्यांचा पुडासुद्धा घेतला नाही. साहेब बदलले, कंपनीचं नाव बदललं, पण माझ्या टेबलावर तीन म्हणजे तीन. नवी वही काढली आहे. पहिल्या पानावर रकाने आखले: कुठला टायर, किती किलोमीटर चालेल, कधी बनला, भाव काय. बऱ्याच दिवसांनी पट्टी हातात घेतली. बरं वाटलं.

५ मार्च, बुधवार

दोन दुकानं झाली. पहिल्या दुकानदाराचं नाव मी बोलका ठेवलंय. मी आत पाय टाकायच्या आधी चहा मागवला, चहा यायच्या आधी दोन टायर फळीवरून खाली काढले. "काका, एकदम ताजा माल." टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्या आठवड्यात तो टायर कारखान्यात तयार झाला. हा ताजा माल तीन वर्षांपूर्वीचा निघाला. मी आकड्यांवर बोट ठेवलं, तर म्हणाला, कंपनीचा काहीतरी कोड असेल. चहा पिऊन उठलो.

दुसरा मुका. तो खरोखर मुका नाही, पण शब्द मोजून वापरतो. भाव सांगायच्या आधी विचारलं, "गाडीत कोण बसतं?" हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, मी आणि बायको. तिला पाठीचं, हाडांचं दुखणं आहे, दर तीन आठवड्यांनी मोठ्या हॉस्पिटलला न्यावं लागतं. त्याने एक मऊ रबराचा टायर पुढे केला. हा चाळीस हजार किलोमीटर चालेल, पण गाडीत बसलेल्याला रस्ता कळणार नाही, म्हणाला. शेजारीच कडक रबराचा होता. तो ऐंशी हजार. आवाज करतो, थोडे हादरे देतो. भावात फरक किरकोळ. शाळेतलं गणित आलेल्या कुणालाही कळेल की कुठला घ्यायचा.

"काकूंच्या पाठीचं बघा," मुका म्हणाला. मी म्हटलं, आमची काकू खमकी आहे.

तिसरं ठिकाण म्हणजे गावाबाहेरचं ठोक मालाचं गोदाम. मालक लेकीच्या लग्नाला गेलाय, सतरा तारखेला उघडेल. बायको म्हणाली, "दोन झाली की. तिसऱ्यावाचून काय अडलंय?" मी तिला समजावलं, दोन कोटेशनांत नुसती तुलना होते, निर्णय तिसऱ्याने होतो. ती हसली आणि आत जाऊन पडली. ताईंना फोन करून कळवलं, जरा वेळ लागेल, पण येतो ते चांगल्या टायरांवर येतो. त्या बरं म्हणाल्या.

८ मार्च, शनिवार

आज एक गंमत. बायकोने मला मोठ्या पलंगाची चादर एकट्याने घडी घालायला शिकवली. आम्ही ती नेहमी दोघं मिळून घालतो, ती एका टोकाला, मी दुसऱ्या. आज म्हणाली, एकट्याने घालून दाखवा. एक कड हनुवटीखाली दाबायची, दोन्ही हात ताणून कोपरे जुळवायचे. चार वेळा चादर पायात आली. ती पलंगाच्या कडेला बसून सूचना देत होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचव्यांदा जमलं. मग म्हणाली, आता वॉशिंग मशीन.

तिला एकदम कसला उत्साह आलाय कळत नाही. कपाटंही आवरायला काढली आहेत. औषध लागू पडतंय असं दिसतं.

१२ मार्च, बुधवार

हॉस्पिटल. दीड तास जायला, दीड यायला, त्याच गुळगुळीत टायरांवर. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, दोघंही बसा. पण पार्किंगमध्ये आपल्याच मॉडेलच्या एका गाडीला तो ऐंशी हजारवाला टायर मला येतानाच दिसला होता, आणि खिडकीतून दिसत होतं की मालक आता गाडीचं दार उघडतोय. अशी संधी पुन्हा कुठे मिळणार? मी म्हटलं, तुम्ही बोला, मी आलोच. तो माणूस भला होता. बासष्ट हजार झाले म्हणाला, अजून खाचा शाबूत. हात लावून बघितलं, खरंच शाबूत.

परत गेलो तर बायको बाहेर बाकावर बसली होती, फाइल मांडीवर. "झालं," म्हणाली. "आता दर तीन आठवड्यांनी यायची गरज नाही म्हणाले. गोळ्या घरीच घ्यायच्या." मी तरी दारातून डोकं घालून डॉक्टरांना विचारलं, पथ्य काय? ते म्हणाले, "पथ्य काही नाही. आवडेल ते खाऊ द्या. जिथे जायचं असेल तिथे नेऊन आणा, लवकर न्या." आणि चष्मा काढून पुसत बसले. इतक्या महिन्यांनी एक धड बातमी मिळाली.

परत येताना हिशोब मांडला. हॉस्पिटलच्या खेपा वजा केल्या, तर आपली गाडी वर्षाला नऊ हजार किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे ऐंशी हजारवाला टायर जवळजवळ नऊ वर्षं. मी मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, "नऊ वर्षं. चांगलंय की." मग गिअरवरच्या माझ्या हातावर तिने हात ठेवला. गाडी चालवताना असं करू नये म्हटलं, तरी ठेवला.

१७ मार्च, सोमवार

तिसरं कोटेशन आलं. त्याच कडक टायरचं, सगळ्यांत कमी भावाचं, छापील कागदावर, शिक्क्यासकट. तो कागद घेऊन मुक्याकडे गेलो. त्याने वाचला, घडी घालून परत दिला, म्हणाला, याच भावात देतो, आत्ता बसवतो. मी आकडे बघितले. आठ महिन्यांपूर्वीचा माल.

"आठ महिन्यांचा टायर नवाच असतो, काका."

असेल. पण नऊ वर्षं वापरायची वस्तू, सुरुवातच आठ महिन्यांच्या घाट्याने का करायची? या वर्षीचा माल मागवायला सांगितलं. आठवडा लागेल. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "टॅक्सीचं बघता का एकदा?" मी म्हटलं, आठवड्यावर आलंय, आता कुठे कच खातेस?

जेवण अर्धंच केलं. झोपेच्या गोळ्या आता दोन घेते.

२५ मार्च, मंगळवार

टायर बसले. जुन्या चाकांवर नवे टायर चढताना, मग चाकं फिरवून कडेला शिशाचे तुकडे लावून तोल साधताना मी शेजारी उभाच होतो. मुका मधेच माझ्याकडे बघायचा. आकडे तपासले: याच वर्षीचा सहावा आठवडा. चारही तसेच. असं समाधान निवृत्त झाल्यापासून मिळालं नव्हतं.

संध्याकाळी बायकोला फिरवून आणलं, तळ्यापर्यंत आणि परत. आवाज येतो थोडा. रस्ता खराब आहे तिथे दणके जाणवतात. ती दाराच्या वरची मूठ धरून बसली होती. मी विचारलं, कसे आहेत? "छान आहेत," म्हणाली. परत येताना बोलली नाही, झोप आली असावी. उतरल्यावर बघितलं तर पाठीमागून ब्लाउज घामाने भिजला होता. तसं गरम नव्हतं.

रविवारी ताईंकडे. कळवलं.

२६ मार्च, बुधवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

चाकांचा रोख, म्हणजे अलाइनमेंट, तपासायला मुक्याने बोलावलं होतं. बायको म्हणाली, मीही येते, घरात कंटाळा आलाय. दुकानाच्या दारात एक लहानसा उंचवटा आहे. त्यावरून गाडी आत घेतली. मुका समोरच उभा होता. मी उतरलो, तर तो मला बाजूला घेऊन गेला. इतकं एका दमात बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"काका, तुम्ही रस्त्याकडे बघत होता, मी काकूंकडे बघत होतो. त्या उंचवट्यावर त्यांनी डोळे मिटून ओठ चावला. टायर किती वर्षं चालतील ते सोडा. काकू गाडीत किती वेळ बसू शकतील ते बघा. माझ्या वडिलांना नेताना मीही असाच कडक टायर घातला होता."

मी म्हटलं, तिने सांगितलं असतं. तो म्हणाला, "सांगतात का?"

गाडीकडे गेलो. ती काचेला डोकं टेकून बसली होती. मूठ धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती, गाडी उभी असूनसुद्धा. मी विचारलं, खूप लागतं का? ती म्हणाली, "थोडं. रविवारपर्यंत सवय होईल." मला तिथेच स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मऊ टायर सांगितले. कसलेही आकडे बघणार नाही म्हटलं, असतील ते घाल. नेमक्या आपल्या मापाचे त्याच्याकडे उरले नव्हते. परवा येतील. कडक टायर तो परत घेतोय. नुकसान किती ते वहीत लिहिलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

मऊ टायर बसले. तळ्यापर्यंत एकटाच जाऊन आलो, त्याच खराब रस्त्यावरून. पाण्याचा पेला ठेवला तरी सांडणार नाही. उद्याच निघायचं, रविवारची वाट बघायची नाही. मागच्या सीटवर गादी घातली, उशा लावल्या. बायकोने बॅग भरून घेतली माझ्याकडून. ताईंसाठी तिने एक शाल काढून ठेवली आहे.

२९ मार्च, शनिवार

सकाळी तिला उठवेना. बसवलं तर ओरडली. ती कधी ओरडत नाही.

डॉक्टरांना फोन केला. गाडीत घालू नका म्हणाले, मी नर्स पाठवतो. मी विचारलं, किती दिवस थांबावं लागेल, म्हणजे प्रवासाला? ते म्हणाले, "बारा तारखेला मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

३० मार्च, रविवार

नर्सला बायकोजवळ बसवून पहाटे निघालो आणि ताईंना घेऊन आलो. दुसरं मला काही सुचलं नाही. ताई दारातच काठी घेऊन उभ्या होत्या. आत या म्हणाल्या, मी म्हटलं नको, निघू या. मी आणि शेजारच्या बाईंनी मिळून त्यांना मागच्या सीटवर बसवलं, त्याच गादीवर, त्याच उशांना टेकून.

पन्नासेक किलोमीटर झाले. मग मी म्हटलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं का?"

"बारा तारखेलाच. हॉस्पिटलातून फोन केला होता छकूने." छकू म्हणजे माझी बायको, सहासष्ट वर्षांची. "मी म्हटलं, त्यांना सांग आणि आजच्या आज निघून ये. तर म्हणाली, नको ताई, टायर शोधतायत, त्यात जीव रमलाय त्यांचा, थोडे दिवस रमू दे."

मी गाडी कडेला घेतली. पुढचं दिसत नव्हतं. ताईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "चला आता. रडायला पुढे वेळच वेळ आहे."

त्यांचे गुडघे दुखले का विचारलं. नाही म्हणाल्या, गाडी अगदी अलगद चाललीय. त्यांनी चांगलं म्हणून सांगितलं, पण मला ते ऐकवेना.

घरी पोहोचलो तेव्हा ती जागी होती. ताई आत गेल्या, काठी ठेवली आणि तिच्या कुशीला लागून आडव्या झाल्या. दोघींना एका उशीवर बघून मी बाहेर आलो.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी ताईंचा डोळा लागला होता. मी तिला विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आणखी दोन डॉक्टरांची कोटेशनं मागवली असती." स्वतःच हसली, मग दम लागला. पाणी पाजलं. थोड्या वेळाने म्हणाली, "सहा महिने तुम्ही माझ्या उशाशी नुसते फाइल चाळत बसला होता. ती वही काढलीत आणि ऑफिसला जायचात तसा चेहरा झाला. गुणगुणत होता घरभर. मला तो चेहरा बघायचा होता."

"आणि ताई?"

तिने शेजारी झोपलेल्या ताईंकडे बघितलं. "मला वाटलं होतं, दोन्ही जमेल," म्हणाली.

मी माफी मागितली. तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, चादर घालता येते ना अजून? येते म्हटलं.

६ एप्रिल, रविवार

शुक्रवारी सकाळी ती गेली. ताई एका बाजूला होत्या, मी दुसऱ्या. पाच दिवस मिळाले दोघी बहिणींना, त्यातले शुद्धीतले चार. मी मधले सगळे दिवस बोटांवर मोजून बघतो. तीन मार्चला टॅक्सी केली असती तर बत्तीस. तेव्हा ती बसत होती, हसत होती, कपाटं आवरत होती.

आमची परगावची लेक येऊन गेली. म्हणाली, बाबा, स्वतःला दोष देऊ नका. तिला काय माहीत.

१५ एप्रिल, मंगळवार

ताईंना आज परत आणून सोडलं. हे त्यांच्याच घरी बसून लिहितोय.

त्यांना धरून आत नेलं, बॅग कुठे ठेवू विचारलं. त्या म्हणाल्या, पुढच्या खोलीत ठेवा. मागच्या वेळी मी उंबऱ्याच्या आत आलो नव्हतो, त्यामुळे ती खोली बघितली नव्हती.

खिडकीशी पलंग आहे, नवा, नेहमीपेक्षा उंच, म्हणजे पाठ न वाकवता उतरता येईल असा. भिंतीला धरायला लोखंडी नळी बसवलेली, सिमेंट अजून वेगळ्या रंगाचं दिसतंय. पलंगापासून बाथरूमपर्यंत रबराची चटई. उशाला पाण्याचा तांब्या, त्यावर भांडं पालथं. दुसऱ्या बाजूला एक खुर्ची, तिच्यावर मऊ उशी, आणि तिच्याशेजारी ताईंची स्वतःची खुर्ची. दोन्ही पलंगाकडे तोंड करून ठेवलेल्या.

"हे कधी केलंत?" मी विचारलं.

"तुमचा पाच मार्चला फोन आला ना, तेव्हा. सुताराला सांगितलं, बहीण यायचीय, दोन दिवसांत कर. केलं त्याने." त्या खुर्चीचा हात धरून सावकाश बसल्या. "मग रोज तांब्यातलं पाणी बदलत होते. म्हटलं, कुठल्याही दिवशी येतील."

मी तसाच उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "उभे काय राहिलात? इतक्या लांबून आलात, पडा जरा."

मी त्या पलंगावर आडवा झालो. ताई शेजारच्या खुर्चीत बसून राहिल्या. खिडकीतून त्यांचं अंगण दिसतं, आणि पलीकडे रस्ता, थेट वळणापर्यंत.